गोवराला ओळखणारी

मित्रांनो, मी रोगांशी लढणारी एक जुनी पांढरी पेशी आहे. औरंगपुऱ्यातल्या द्वारकाबाईंच्या गळ्यातल्या गाठीत माझं बिऱ्हाड आहे. डोळ्यांना दिसत नाही म्हणून हसू नका. अख्ख्या गोवराला मी पाणी पाजलेलं आहे. थोडं वाढवून सांगते, पण सगळंच नाही!

माझा जन्म द्वारकाबाईंच्या मांडीच्या हाडातला. हाडाच्या पोकळीत आमचा कारखानाच चालतो. तिथं प्रत्येकीला एक साचा मिळतो. त्यात जो चपखल बसेल, तो तिचा शत्रू. परीक्षाही कडक. घरच्याच पेशींना धरू बघणारीला तिथूनच निरोप. मी पास झाले, पण माझा साचा असा वेडावाकडा, की त्यात कुणी बसेचना. "तुझं स्थळ कधी येणार गं?" असं शेजारणी चिडवायच्या.

ते आलं निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर पाच वर्षांनी. द्वारका तेव्हा सहा वर्षांची. गोवर नाकातून आत घुसला. गस्तीवाल्या पेशींनी त्याचे तुकडे गाठीत आणले आणि एक माझ्या साच्यात खट्कन बसला! मदतनीस पेशीनं शहानिशा करून हुकूम दिला आणि मी एकीच्या हजारो झाले. आम्ही प्रतिपिंडं सोडली. बेचकीसारखी ती हत्यारं गोवराला घट्ट धरत. पण या तयारीत आठवडा गेला. तोवर पोर तापानं फणफणली, अंगभर लाल पुरळ. आम्ही जिंकलो खरं, पण तो लबाड जाता जाता माझ्या कितीतरी मैत्रिणींची आठवण पुसून गेला. त्यांना ओळखीचे रोगही ओळखू येईनात. द्वारका वर्षभर आजारीच.

पुढं मी आठवण जपत बसून राहिले. तीस वर्षं कुणी विचारलं नाही.

मग शेजारच्या हबीबभाईंच्या चार वर्षांच्या नवाबला गोवर निघाला. त्याची आई फहमिदा बाळंतपणाला माहेरी, बिडकीनला. हबीबभाईंची चिकलठाण्याच्या कारखान्यात ड्युटी. द्वारकाबाई पदर खोचून निघाल्या, तर सासूबाई, म्हणजे सारजाबाई, दारात आडव्या.

"द्वारके, बारा दिवसांवर पोरीचं लगीन! बोहल्यापाशी लाल तोंड घिऊन उभी राहनार व्हय?"

"मला लहानपणीच निघून गेलाय, आत्याबाई."

"तीस वर्षं झाली की! अंगाला एवढं ध्यान असतंय व्हय?"

अंगाला ध्यान नाही? माझ्यासमोर ही भाषा!

हबीबभाई संकोचले. "भाभी, लई मेहेरबानी, पर तुमच्या घरी शादी है..."

"गप ड्युटीला जा, भाऊ. लेकराला पाणी कोण पाजंल?"

सारजाबाईंनी मग दोन्ही दारांना कडुलिंबाचे डहाळे बांधले आणि गोवर कोपू नये म्हणून लग्नघरातली फोडणी बंद केली. पाव्हणे बिनफोडणीचं वरण गिळत, पुरळ उठतंय का म्हणून द्वारकाबाईंच्या कपाळाकडं बघत राहिले.

दुसऱ्याच दिवशी नवाब त्यांच्या तोंडावर खोकला. गोवर आला. तोच तो! मी म्हटलं, "या, ओळखलं का?" यावेळी आठवडा कशाला? जुन्या प्रतिपिंडांनी त्याला वाटेतच घेरलं, मी भराभर नवी फौज उभी केली. बिचाऱ्याला द्वारकाबाईंना साधी शिंकही आणता आली नाही.

बाराव्या दिवशी द्वारकाबाई टवटवीत चेहऱ्यानं अक्षता वाटत होत्या आणि बरा झालेला नवाब बँडपुढं नाचत होता. सारजाबाई मांडवभर सांगत सुटल्या, "माझ्या डहाळ्यानं राखली बरं!" सगळे त्या वाळक्या डहाळ्याच्या पाया पडले. आणि मी? मी गळ्यातल्या गाठीत!

नऊ महिन्यांनी द्वारकाबाई फहमिदाच्या तान्ह्या रईसाला लसीला घेऊन निघाल्या.

"भाभी, सुई नको. रडंल वो ती," फहमिदा म्हणाली.

"रडू दे. माझ्या गोवरात आईनं रात्री जागून काढल्यात. तू पाच मिनटं काढ."

रईसा रडली आणि बोटभर गूळ चाटून गप्प झाली. त्या सुईत लुळा पडलेला गोवर होता. ना धड अंगात पसरला, ना कुणाची आठवण पुसून गेला. पण त्याला बघून रईसाच्या अंगातली एक पेशी शहाणी झाली. परवा मी तिला विचारलं (कसं, ते विचारू नका!), "सांग तुझ्या लढाईची गोष्ट." ती म्हणाली, "गोष्टच नाही. कुणी आजारीच पडलं नाही."

तेवढ्यापुरती माझी बढाई बंद पडली. मित्रांनो, तुम्ही लस वेळेवर घ्या. तुमच्या पेशींकडं सांगायला काही नसलं तरी चालेल. गोष्टी सांगायला मी आहे की!