मिठाचा कोपरा

खालचा उजवा कोपरा... नाही, हाही नसावा. संपदाने भिंग बाजूला केलं, डोळे मिटले, उघडले आणि पुन्हा तोच कोपरा पाहिला – काडेपेटीएवढा पिवळट कागद, त्यावर निळ्या समुद्राचे बारीक ठिपके आणि ठिपक्यांमधून वळत गेलेलं ऑक्टोपसच्या पायाचं टोक. सगळं थेट छापखान्यातून आलेलं. मुखपृष्ठाचे चारही कोपरे असेच, आणि त्यांतला एक तर तिने स्वतः बनवला होता, बावीस वर्षांपूर्वी, ह्याच हातांनी, एका केसाच्या कुंचल्याने ठिपक्याशेजारी ठिपका ठेवत. कुठला, ते सापडत नव्हतं. चार दिवस झाले होते.

नवऱ्याला, संजीवला, सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. रिफायनरीतून निवृत्त झाल्यापासून त्याला हसायला वेळ भरपूर. म्हणाला, "स्वतःच लपवायचं आणि स्वतःच शोधायचं! अगं, आमच्याकडे गळती सापडली नाही तर माणसं घरी बसवायचे." विनोद बरा होता, आणि त्यात तिच्या आयुष्यातल्या बावीस वर्षांचा भुगा झाला होता.

सोमवारी राजवर्धन शिर्के आला तेव्हा तिला आधी आनंदच झाला होता, हे आता आठवलं की स्वतःचाच राग येत होता. बडोद्याजवळ सावली गावात त्याचा पंपांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना, दारात जोडे काढता काढताच "केम छो आन्टी, मजामा?" आणि मग पिशवीतून, दोन पुठ्ठ्यांमध्ये जपून ठेवलेला तो अंक. पाणबुड्या नायकाच्या कॉमिक पाक्षिकाचा पहिला अंक, एकोणसत्तर सालचा. तिने एका नजरेत ओळखला. आपलं बाळंतपण केलेली बाई रस्त्यात भेटावी तसं काहीतरी झालं होतं – छे, उलट, तिनेच केलेलं बाळंतपण.

"पप्पांनी हे तुमच्याकडून करून घेतलेलं ने?"

"हो. गणपतराव स्वतः आले होते."

"तर आता ते काढून द्या."

"काय काढून देऊ?"

"तुमचं काम. फक्त तुमचं काम काढायचं, बीजु कंई नहीं. फाटलेलं असू दे, चालशे. पण हात लागलेला नको." आणि मग त्याने तिला समजावून सांगितलं, तिला! – की अमेरिकेत एक कंपनी आहे, ती अंक तपासते, त्याला गुण देते आणि प्लास्टिकच्या डबीत कायमचा बंद करून पाठवते. जसा होता तसा असला तर डबीवर निळी पट्टी आणि दुरुस्त केलेला असला तर जांभळी. जांभळ्या पट्टीकडे संग्राहक बघतसुद्धा नाहीत. विधवेकडे बघत नसत तसे, असं तिच्या मनात आलं. पण त्याला ते कळलं नसतं.

तिला हे सगळं माहीत होतं. दहा वर्षं ती हेच पाहत होती. अख्ख्या देशात जुन्या कॉमिक्सची दुरुस्ती मन लावून करणारी चार माणसं होती, दिवाळीला एकमेकांना फोन करणारी. त्यांतला कलकत्त्याचा आता लग्नाचे अल्बम बांधतो, दिल्लीवाला मुलाकडे कॅनडात जाऊन बसला, पुण्याचे भास्करराव वारले. उरली ही. आणि हिच्याकडे आता येतात ते दुरुस्तीसाठी नव्हे, दुरुस्ती उसवायला. इतरांनी केलेलं तिने दोन वर्षं निमूट उसवलं. पाठीचे जोड सोडवले, रंग टिपून काढले, फाट होती तशी उघडी करून दिली. एखाद्या हाडवैद्याकडे लोकांनी बरे झालेले पाय घेऊन यावं आणि म्हणावं, मोडून द्या, मूळचा लंगडाच बरा होता... पण स्वतःचं काम कुणी अजून आणलं नव्हतं. त्या वेळी ती म्हणत असे, माझं कुणी आणणार नाही. का? तर माझं ओळखूच येत नाही.

घ्या! आता ओळखूच येत नव्हतं.

मंगळवारी तिने पाठीवरची जपानी कागदाची पट्टी उकलली. बुधवारी समुद्रात भरलेला निळा रंग उतरवला, आणि तिथली घडी पांढरीफटक उघडी पडली. राहिला कोपरा. विचारायला गणपतराव उरले नव्हते, आणि नोंद नव्हती. जुन्या पोथ्या जपणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरी असताना घरी खासगी काम घेतलेलं, त्याची नोंद कोण ठेवणार? अतिनील किरणांच्या जांभळ्या दिव्याखाली पाहिलं. चारही कोपरे सारखेच मंद उजळले, कारण भर घालायचा कागद तिने त्याच छापखान्याच्या, त्याच वर्षाच्या एका रद्दी अंकातून घेतला होता. काचेवर ठेवून खालून उजेड सोडला. जोड दिसेना, कारण दोन्ही कडा तिने पातीने तासून कांद्याच्या सालीएवढ्या केल्या होत्या. प्रयोगशाळेत गुरूंनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं – भर घातलेली जागा सहा फुटांवरून दिसता कामा नये, आणि सहा इंचांवरून दिसलीच पाहिजे. सहा इंचांवरून दिसली नाही तर ती दुरुस्ती नव्हे, ती लबाडी. ती हे स्वतः विद्यार्थ्यांना शिकवत आली. आणि तरी... त्या कोपऱ्यात तिने हौस भागवून घेतली होती. तिशी नुकतीच ओलांडलेली, हात चालत होते, दुसरं काय.

आज दोन वाजता लाइट गेली. एसी खरखरून बंद पडला. पाच वाजता कुरिअरवाला राजवर्धनकडे येणार, त्याआधी साडेचारला राजवर्धन इथे. तिने खिडकी उघडली. गणपती बसून-उठून चार दिवस झालेले, ऊन आणि ढग एकमेकांना मिठी मारून बसलेले, आणि बडोद्याची ती भाद्रपदातली हवा, जिला हवा म्हणणं धाडसाचं, आत येऊन पसरली. कागदाला ही हवा वाईट. उठून अंक पुठ्ठ्यात ठेवायला हवा होता. तिने ठेवला नाही. भिजू दे. फुगू दे, वाकडा होऊ दे, बुरशी येऊ दे त्याला, म्हणजे मिळेल मूळचा, अस्सल, हात न लागलेला...

फोन वाजला. राजवर्धनच.

"आन्टी, थयुं काम?"

"एक कोपरा राहिलाय. सापडत नाहीये."

"सापडत नाही म्हणजे? तुम्हीच केला ने?" मग जरा थांबून, मऊ आवाजात, "तुम्हाला नाही दिसत तर त्यांनाही नाही दिसणार. असाच पाठवू? तुम्ही फक्त लिहून द्या, काही दुरुस्ती नाही म्हणून. तुमच्या सहीला वजन आहे, आन्टी."

ती म्हणाली, साडेचारला ये. फोन ठेवला. राग आला होता, की ते 'वजन आहे' ऐकून ती आत कुठेतरी सुखावली होती, हे तिला सांगता आलं नसतं. तिचं काम जगातल्या सगळ्यात खडूस डोळ्यांपुढून छापखान्याचं म्हणून पार होईल. ह्याहून मोठी शाबासकी नाही. आणि ती मिळायची तर आपण काही केलंच नाही, असं लिहून द्यायचं. आणि केलं होतं हे सिद्ध करायचं, तर ते पाण्याने सोडवून चिमट्यात धरून दाखवायचं. म्हणजे ठेवलं तर नव्हतंच, आणि होतं म्हटलं तर राहणार नाही. वा! बरा धंदा निवडला, संपदाबाई.

गणपतराव आले होते तो मे महिना. पांढऱ्या मिशा, ताठ पाठ; घराण्यात सगळे संस्थानच्या पलटणीतले. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, बाई, हे माझ्या धाकट्या भावाचं. तो फौजेत निघाला, तेव्हा स्टेशनावर गाडी सुटता सुटता त्याने ह्या पुस्तकाचा कोपरा फाडला, त्यावर आपल्या तुकडीचा पत्ता लिहिला आणि पुस्तक नि पत्ता दोन्ही माझ्या हातात कोंबलं. एकाहत्तरात तो गेला. पत्त्याचा चिटोरा माझ्याकडून हरवला. पुस्तक आहे. एवढं पुरं करून द्या.

नेऊन दिलं तेव्हा त्यांनी खूप वेळ पाहिलं. जोड शोधला, नाही सापडला. मग चष्मा काढला आणि उगाच पुसत बसले. त्या दिवशी घरी येताना तिने ठरवलं होतं की पोथ्या पुरेत, हेच काम करायचं.

हे सगळं आठवतं आणि कोपरा कुठला ते आठवत नाही! ती टेबलाशी परत आली. भिंग घेतलं नाही. भिंगाची शिसारी आली होती. डोळे मिटून नुसतं बोट फिरवलं. वरचा डावा: कागद. वरचा उजवा: कागद. खालचा डावा...

थंड होता. फक्त किंचित, आणि बोटाखाली नरम, शिळ्या पापडासारखा. तिने पुन्हा बाकीचे तीन चाचपले. ते सादळले होते, पण सगळ्या कागदासारखे, बेताने. हा एकटाच दमट. जणू हवेतलं पाणी बोलावून घेत होता...

मीठ.

ती खुर्चीत बसली. मीठ. कुरडयांचा चीक होता तो. त्या मे महिन्यात सासूबाईंनी, इंदिराबाईंनी, गच्चीवर कुरडया घातल्या होत्या, आणि खळ म्हणजे तरी दुसरं काय, तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचं सत्त्वच. म्हणून तिने पातेल्यातून वाटीभर काढून घेतला होता. सासूबाई जिन्यातून ओरडल्या होत्या, "अगं, मीठ घातलंय त्यात!" आणि ती म्हणाली होती, "चालेल." खळीत मीठ कधी घालत नाहीत. मीठ पाणी ओढतं, पाणी बुरशीला बोलावतं; पहिल्या वर्षाची मुलंही हे लिहितात. पण घाई होती ना, गणपतराव संध्याकाळी यायचे होते...

घाई नव्हती.

तिने डोळे उघडले. गणपतराव आलेच नव्हते त्या दिवशी. तिनेच पुढच्या आठवड्यात नेऊन दिलं होतं. घाई बिलकुल नव्हती. प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये शुद्ध खळीची भरलेली बाटली होती, तीनदा मलमलीतून गाळलेली, एका पोथीसाठी. चमचाभर आणता आली असती. मी आणली नाही. मला वाटलं, हे काय, पोरांचं चित्रांचं पुस्तक तर आहे. पोथीला मी चिकाची वाटी लावली असती का? पोथीपुढे मी हात धुऊन बसायचे. ह्याच्या ठिपक्यांवर माझ्या हाताची मिजास दाखवली, आणि खाली, कुणाला दिसणार नाही तिथे, स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं. दहा वर्षं मी सांगत फिरते आहे की कॉमिक्सची कुणाला किंमत नाही...

घाम कानामागून मानेवर आला. मीठ नसतं तर कोपरा कधीच सापडला नसता. शुद्ध खळीने चिकटवलेला तो चारांत एक होऊन गेला असता; गणपतरावांचं पुस्तक कायमचं पुरं झालं असतं.

चार वाजून दहा मिनिटं. तिने वाटीत पाणी घेतलं, बारका कुंचला बुडवला, काठावर निथळला. एवढासा ओलावा पुरे. मीठ आधीच निम्मं काम करून बसलं होतं. पाच मिनिटांत कोपरा सुटेल, आणि स्टेशनावर फाडलेली ती कड पुन्हा उघडी होईल. अस्सल. भावाने फाडली तशी.

"सापडला का?" बाहेरून संजीवने विचारलं. तो सेव-उसळ घेऊन आला होता, वास आला.

तिच्या ओठांवर 'नाही' आलं, आणि 'हो'सुद्धा. कुंचल्याच्या टोकाला थेंब जमला, लांबला. तो कागदावर पडू नये म्हणून तिने डावा हात मध्ये धरला, आणि थेंब तिच्या बोटावर पडला – त्याच बोटावर, ज्याने कोपरा ओळखला होता.

तिने ते बोट जिभेला लावलं. खारट. पण लाइट गेलेली असताना, भाद्रपदात, बडोद्यात कुणाचं बोट खारट लागत नाही? राजवर्धनवर चिडायचं म्हणून तिने चार दिवसांचा तो राग शोधून पाहिला, जसा कोपरा शोधला होता तसा, आणि तो जिथे ठेवला होता तिथे नव्हता; तिथे आता चिकाची वाटी होती. खाली रस्त्यावर राजवर्धनची गाडी थांबली, दार लागलं. कुंचला अजून ओला होता.