फुगवटा

सुईचं टोक अस्तरातून खाली निघालं की नाही, हे ती डाव्या हाताच्या तर्जनीने चाचपून बघत होती. बोटाला टोचलं. टोचलं म्हणजे टाका आरपार गेला, अशी तिची साधी पद्धत होती आणि त्यापायी त्या बोटाची चाळण झाली होती. तिने सुई वर ओढून घेतली आणि पुढचा टाका घातला.

समोर, गोधडीच्या दुसऱ्या टोकाला तिचा नवरा मांडी घालून बसला होता. गल्लीत त्याला सगळे बाइंडर म्हणायचे. जुन्या पुस्तकांची सुटलेली पानं शिवून, पुठ्ठे चढवून देण्यात त्याची हयात गेली होती, आणि घरी आला तरी त्याच्या नखांत वाळलेली खळ असायची. आज त्याने दुकान उघडलं नव्हतं. सकाळी चहा झाल्यावर तो आपणहून चटईवर येऊन बसला आणि म्हणाला, "या बाजूने मी घेतो."

गोधडी एकाच टोकाकडून शिवत न्यायची असते, म्हणजे जास्तीचं कापड सरकत सरकत शेवटी बाहेर पडतं. हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण नवऱ्याने न विचारता एखादी गोष्ट हातात घेतली, याचंच तिला इतकं नवल वाटलं की ती हो म्हणून बसली. फक्त एवढंच सांगितलं, "प्रत्येक ओळीनंतर तळहात स्वतःकडे फिरवायचा. कापड माझ्याकडे ढकलायचं नाही, नाहीतर मध्ये फुगेल."

"कळलं," तो म्हणाला.

गोधडी तशी लहानच, त्यांच्या पाच वर्षांच्या मुलीच्या मापाची. वरचे तुकडे तिने सबंध उन्हाळा हाताने जोडले होते. त्यात तिचा स्वतःचा विटलेला निळा झगा होता, नवऱ्याचे कॉलर झिजलेले दोन सदरे होते, स्वयंपाकघराचा पडदा होता आणि मुलीला आखूड झालेले सगळे फ्रॉक होते. आता राहिला होता तो धावदोरा. संध्याकाळी तिचा भाऊ टेम्पो घेऊन येणार होता, आणि त्याआधी गोधडी पुरी व्हायला हवी होती.

भिंतीशी मायलेकींची खोकी रचून ठेवलेली होती. नवऱ्याचं सामान जिथल्या तिथे होतं. त्यामुळे कपाटाचा एक कप्पा उघडा बोडका, तर दुसऱ्यात सदऱ्यांच्या घड्या, असं सगळ्या खोलीचंच झालं होतं.

दूरच्या शहरातल्या कपड्यांच्या कारखान्यात तिला नमुने शिवायचं काम मिळालं होतं. खरं म्हणजे ते गेल्या वर्षीच मिळालं होतं. तेव्हा तिने नवऱ्याला विचारलं होतं, आपण तिघंही जाऊ या का? तिथेही पुस्तकं असतील, तिथेही ती फाटत असतील. तो म्हणाला होता, "बघू."

या 'बघू'चं काय करायचं, हे तिला कधीच उमगलं नाही. नाही म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येतं. वाद घालता येतो, रुसता येतं, चार दिवस अबोला धरता येतो. 'बघू' म्हणणाऱ्याचं काय करणार? छपराची गळती काढायची का? बघू. मुलीला पोहायला घालायचं का? बघू. माझ्याशी जरा बोलशील का, मला या घरात एकटं वाटतं रे? त्यालाही तो मान खाली घालून म्हणाला, बघू. या माणसाने लग्नाला होकार तरी कसा दिला, असं तिचा भाऊ थट्टेने विचारायचा. होकार त्याच्या थोरल्या बहिणीने दिला होता. सुरुवातीला या थट्टेवर तीही हसायची.

शेवटी तिने आपलं आपण ठरवलं. नवऱ्याने ऐकून घेतलं, खोकी बांधायला सुतळी आणून दिली. काडीमोडाचा शब्द कोणी काढला नाही. पण परत आल्यावर लागेल म्हणून अशी एकही वस्तू तिने मागे ठेवली नव्हती आणि ते त्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

दार ढकलून मुलगी आत आली. मागोमाग शेजारच्या मावशी. घरात पोरीला खारू म्हणायचे, कारण ती कुठलीही खाण्याची वस्तू आधी गालात साठवायची. आताही एक गाल फुगलेला होता.

"झाली?" खारूने विचारलं.

"होतेय," आई म्हणाली. "सुईजवळ येऊ नकोस."

"झाली नाही तर आम्ही जाणारच नाही," खारूने मावशींना ठणकावून सांगितलं. "आईने कबूल केलंय. गोधडी झाल्यावरच जायचं."

"बाई बाई! काय तो तोरा! तुझ्यापुढे मामाचा टेम्पोसुद्धा थांबेल हो," मावशी म्हणाल्या. मग त्यांची नजर खोक्यांवर गेली आणि त्यांनी ती लगेच वळवली.

बाइंडरने मान वर केली नाही. खारू त्याच्या पाठीवर रेलली. त्याच्या कानाशी तोंड नेऊन, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, "बाबा, तू पण येणार ना? मागून?"

त्याची सुई थांबली.

"बघू," तो म्हणाला.

खारूचं समाधान झालं. 'बघू' म्हणजे 'हो', असं तिने फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं. ती मावशींचं बोट धरून उड्या मारत गेली. आई मात्र दोरा ओवण्याचं निमित्त करून उजेडाकडे वळली आणि बराच वेळ सुईचं नेढं शोधत राहिली.

दुपार उतरायला लागली. दोघांमध्ये वीतभर जागा उरली तेव्हा तिने गोधडीवरून हात फिरवला आणि हात मध्येच थबकला. कापड वर आलं होतं, नुसतं सैल नव्हे, चांगला मुठीएवढा फुगवटा. तिने तो एका बाजूने दाबला तर दुसऱ्या बाजूने उठला. दोन्हीकडच्या ओळींनी वाट अडवलेली, कापड जाणार तरी कुठे?

ती उठून त्याच्या बाजूला गेली आणि गुडघ्यांवर बसून बघू लागली. टाके देखणे होते, एकसारखे, पट्टी लावून घातल्यासारखे सरळ. तिच्या टाक्यांपेक्षाही चांगले. चूक टाक्यांत नव्हतीच. दोन ओळींमधलं कापड मात्र जागोजाग तिच्या दिशेला सरकवलेलं होतं, प्रत्येक ओळीत थोडं थोडं, बेताबेताने. थर हलू नयेत म्हणून तिने पहाटे उठून सबंध गोधडीला कच्चे टाके घातले होते. त्याच्या बाजूचे सगळे कच्चे टाके आधीच काढून टाकलेले होते. पांढऱ्या दोऱ्याचा पुंजका त्याच्या गुडघ्याशी पडला होता.

"पुस्तकं शिवताना असं होतं का रे तुझं?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही.

तो त्या पुंजक्याकडे बघत राहिला.

"नाही," तो म्हणाला. "कधीच नाही."

बाहेर कोणीतरी हातगाडी ओढत नेत होतं. तिची खडखड कोपऱ्यावरून वळून गेली.

"उसवावं लागेल," मग तो म्हणाला. त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "माझी सगळी बाजू. मी उसवतो. परत नीट घालतो. उद्या संध्याकाळपर्यंत होईल. फार तर परवा."

इतकं लांबलचक तो तिच्याशी कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. ती त्याच्याकडे बघत राहिली. चष्म्याच्या काचेवर धाग्याचं बारीक कुसळ चिकटलेलं होतं आणि त्यामागे त्याचे डोळे लाल झालेले होते. सकाळपासून हा माणूस इथे बसून, ओळीमागून ओळ, तिची वाट अडवत होता. तिला हसू यावं की रडू, ते कळेना. आलं ते रडूच, पण तिने ते आवरलं.

"तुला मला काही सांगायचंय का?" तिने विचारलं.

तिने मुद्दाम मऊ आवाजात विचारलं होतं आणि विचारून झाल्यावर ती खरोखर थांबली. जाऊ नकोस, एवढे दोनच शब्द. किंवा, मीही येतो. ते आले असते तर तिने तिथल्या तिथे सुतळी सोडली असती, भावाला परत पाठवलं असतं, शिव्या खाल्ल्या असत्या. हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं आणि स्वतःची कीवही आली. एवढं सगळं झाल्यावरही आपण इतक्या स्वस्तात थांबायला तयार आहोत!

त्याचे ओठ हलले. त्याने फुगवट्यावर हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"उसवलं तर नीट होईल गं," तो म्हणाला. "कापड चांगलं आहे."

ती उठली. आपल्या जागेवर जाऊन बसली, सुई घेतली. फुगवट्याचं कापड तिने दोन बोटांच्या चिमटीत धरलं, एका बाजूला दुमडलं, अंगठ्याच्या नखाने घडी बसवली. त्याच्या सदऱ्याचा तुकडा अर्धा घडीच्या आत गेला. खालचं अस्तर तिने तसंच दुमडून घेतलं.

"चुणी पडेल," तो म्हणाला.

"पडू दे."

"दिसेल ती. कायमची राहील."

"हो."

"तू असं कधी शिवत नाहीस," तो म्हणाला. "एक टाका वाकडा गेला तरी अख्खी ओळ उसवतेस."

"उसवत होते," ती म्हणाली.

घडी जाड झाली होती. सहा पदरांतून सुई जाईना. तिने बोटातल्या अंगुस्तानाने रेटली, तर घडीच निसटून पुन्हा फुगली. तिने ती परत बसवली, परत रेटली. एका हाताने घडी धरायची आणि दुसऱ्याने सुई घालायची म्हटलं की अस्तर गोळा होत होतं. तिसऱ्यांदा निसटलं तेव्हा तिच्या तोंडून हुंदका बाहेर पडला, नको असताना, मोठ्याने. तिने मनगटाने नाक पुसलं आणि पुन्हा घडी घालायला घेतली.

बाइंडर गुडघ्यांवर सरकत पुढे आला. त्याने घडीच्या दोन्ही अंगांना आपले तळहात सपाट ठेवले आणि दाबून, ताणून धरले. पुस्तकाच्या पानांचा गठ्ठा शिवताना धरतो तसे, सगळे पदर एकावर एक, एक सूतही न हलता. मग तो म्हणाला, "आता घाल."

सुई सरळ आत गेली आणि खालच्या बोटाला टोचली. तिने दुसरा टाका घातला, तिसरा घातला. तिचा हात पुढे जाईल तसे त्याचे हात पुढे सरकत होते, तिच्या आधी थोडेसे, वाट करून देत. कापड आता कुठेही अडत नव्हतं. टाके भराभर पडत गेले. मध्येच तिच्या हनुवटीवरून एक थेंब त्याच्या मनगटावर पडला. त्याने मनगट हलवलं नाही. कापड सुटलं असतं.

गल्लीच्या तोंडाशी टेम्पोचा भोंगा वाजला. पाठोपाठ "मामा आला, मामा आला" असं ओरडत खारू पळाल्याचा आवाज आला. आत आईने शेवटचा टाका घातला, दोरा मागे घेऊन दुहेरी गाठ मारली आणि डोळे वर न करता कात्रीसाठी चटईवर हात फिरवला.

कात्री त्याच्याजवळ होती. त्याने ती उचलली, मूठ तिच्याकडे येईल अशी फिरवली आणि तिच्या हातात दिली.