भंगारातल्या डब्यातली वाटणी

भिमाजीनं कळंबच्या भंगारवाल्याकडनं कॉम्प्युटर आणला तेव्हा गावाला वाटलं, माणूस सुधारला. गाव तसं भोळंच. भिमाजी स्वतःच्या सावलीलाबी बांधावर उभं राहू देत नव्हता, बांध झिजंल म्हणून.

धाकटा भाऊ अमृत मस्कतला. दोघांत वाटायचं होतं विहिरीकडचं रान आणि वरचा खडकाळ माळ. दिवाळीला अमृत येणार, समोर बसणार आणि विहिरीच्या रानात निम्मा वाटा मागणार. त्याच्या आत भिमाजीला सगळं उरकायचं होतं. पण फोनवरची वाटणी पंच मानत नव्हते.

"आवाज कुणाचाबी काढता येतो," कुशाबा म्हणाला. "तोंड दिसलं पायजे." कुशाबा पंचांतला मोठा. गावात आजवर जी भांडणं मिटली नाहीत, ती सगळी त्यानंच मिटवलेली.

म्हणून हा डबा. मंचरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या अरफातनं तो उघडला, आतली झुरळं झटकली, फोनच्या वायरीवर इंटरनेट जोडलं, वर कॅमेरा बसवला आणि कपाळाला हात लावला.

"भिमाजीभाऊ, मेमरी लई कमी हाय याची. चित्र अन आवाज दोनी झेपायचं नाय. बोलायचं मोबाइलवर, बघायचं हितं. अन चित्र मागनं येतं. तिकडं माणूस शिंकला, की हितं तमाखू मळून होईस्तवर शिंकत न्हाई. नवी मेमरी टाकू का?"

"हात लावू नको," भिमाजी म्हणाला. "असाच ब्येस हाय."

ठरल्या दिवशी ओसरीवर पंच जमले. डब्याला हळद-कुंकू वाहिलं. कुशाबा नारळ थेट सीपीयूवरच आपटायला निघाला होता, अरफातनं हात धरला म्हणून वाचलं. पडद्यावर अमृत उगवायला लागला, तसं भिमाजीनं अरफातला वाटंला लावलं.

अमृत एकदम दिसत नव्हता. आधी कपाळ, मग मिशी, मग दात, वरनं खाली गिलावा करत आल्यासारखा.

"राम राम, कुशाबाकाका," मोबाइलमधनं अमृत म्हणाला. पडद्यावर तो जांभई देत होता.

"मोठ्या माणसाम्होरं जांभया? मस्कतनं पार वाया घालवलं बघा पोरगं," कुशाबा म्हणाला.

भिमाजीनं मोबाइल आईपुढं धरला. "आई, इचार की त्याला. खानं-पिनं, ख्यालीखुशाली."

सारजाबाईला काय, निमित्तच पाहिजे होतं. "जेवला का रं? पोरं साळंत जात्यात का? लसनाची चटनी पोचली का?" सगळ्याला अमृतचं "व्हय आय, व्हय!" चालू. कुशाबानं तमाखू मळली, दाढेत धरली. तेवढ्यात पडद्यावरच्या अमृतनं हात जोडले.

"आली बाबा अक्कल," कुशाबा म्हणाला.

भिमाजीनं मोबाइल झटकन मांडीखाली सारला. "पंचहो, आता निस्तं तोंड बघा. अमृता, इहिरीकडलं रान माझं, माळ तुझा. कबूल?"

पडद्यावर अमृतनं मान डोलावली. पुन्हा डोलावली. तिसऱ्यांदा तर डोळे मिटून, जीभ ओठावर फिरवून डोलावली.

"तीनदा!" कुशाबा ओरडला. "अन मिटक्या मारून! असा भाऊ मिळाया नशीब लागतं, भिमाजी."

मांडीखालनं बारीक आवाज येत होता, "नाय! आजिबात नाय!" भिमाजी आणखी दाबून बसला.

सारजाबाई मात्र पडद्याकडंच बघत राहिली. एवढं रान हातचं सोडताना माणूस जीभ चाटतो व्हय? हे तोंड तिच्या ओळखीचं होतं. हे चटणीचं तोंड!

तिनं सुनंला चहा टाकायला सांगितला. पंचांनी बशा तोंडाला लावल्या. पडद्यावर नवं कपाळ उतरत होतं, आठ्यांनी भरलेलं. मिशी उतरायच्या आत म्हातारी बोलली.

"पंच, एक ऱ्हायलं. अमृता, तुज्या भावानं इहिरीच्या रानात पाय तरी ठेवायचा का रं?"

मिशी आली, दात आले, आणि अमृतची मान आडवी अशी हालली की खांद्यावरनं निसटती का काय! हात उगारलेला, डोळे तांबडे.

"न्हाई म्हनतोय," कुशाबा बशी खाली ठेवून म्हणाला. "लई जोरात न्हाई म्हनतोय."

"ते मगाचं हाय!" भिमाजी उठला. "चित्र मागनं येतं त्यात! अरफातला इचारा!"

मांडी उठली तसा मोबाइल मोकळा झाला. "दादा, माझ्या वाट्याला हात लावशील तर—" अमृत घसा फोडून ओरडत होता.

"मगाशी मागनं येत नव्हतं व्हय रं?" म्हातारीनं विचारलं.



"आमी आमच्या डोळ्यानं बघितलं," कुशाबा गरजला. "पंचांच्या डोळ्यावर संशय? बरं, मगाचा निकाल मोडला. इहिरीचं रान अमृताचं. तू माळावर जा, भिमाजी."

खरं काय नि खोटं काय, हे एकाही पंचानं तपासलं नाही. चुकीच्या वाटेनं का होईना, आपण निकालाला पोचलो, यातच ते खूश.

सारजाबाईनं मोबाइल कानाला लावून निकाल सांगितला, फोन ठेवला, पंचांना फाटकापर्यंत पोचवायला गेली.

ओसरीवर भिमाजी नि डबा, दोघंच उरले. त्यानं वायर उपटायला हात घातला, पण वाकायला उशीर झाला. पडद्यावर अमृत उतरत होता. आधी कपाळ, मग मिशी, मग दात. दातच दात.