किकचं की बटणाचं

त्या वसंतात आमच्या स्वयंपाकघरात जुन्या वर्तमानपत्रांवर दोन इंजिनं ठेवलेली होती आणि चुलीकडे जायचं तर मला ती ओलांडावी लागत. एक मोठं, काळंकुट्ट, पाचशे सीसीचं, युद्धाआधीच्या मोटारसायकलचं. दुसरं एका चेपलेल्या स्कूटरमधून काढलेलं, एकशे पंचाहत्तरचं. ते मी कण्हत का होईना, एकटीने उचलू शकत होते. आता माझी ऐंशी उलटली आहे, शेजारणींची नावंही चटकन आठवत नाहीत. पण आंबट कोबीच्या सूपाला येणारा तो तेलाचा वास अजून नाकात आहे.

माझा नवरा ओल्द्रिख, घरातला ओल्दा, काच कोरायचा. आमच्या यिझेराच्या डोंगरात तेव्हा घरटी एक तरी माणूस काचेत असे. फिरत्या दगडी चाकावर पेला धरून त्यावर पानं-फुलं काढायची, हे बसून करायचं काम. म्हणून जंगलातून लाकडं आणताना बर्फावरून ओढायची भरलेली घसरगाडी अंगावर आली, उजवा पाय मांडीपासून गेला आणि डावा गुडघ्यात वाकेनासा झाला, तरी त्याचं काम सुटलं नाही. कारखाना घरासमोरच होता. दोन कुबड्या घेऊन रस्ता ओलांडला की झालं.

मग वरून हुकूम आला. आमचा कारखाना बंद, सगळी चाकं खिंडीपलीकडच्या मोठ्या कारखान्यात हलवायची. माणसांसाठी उघडा ट्रक. कर्मचाऱ्यांचं बघणाऱ्या हाउस्कोव्हाबाई स्वतः घरी आल्या. कॉफीला हात लावला नाही.

"कॉम्रेड, ट्रकवर तुम्हाला रोज उचलून चढवायला मी माणूस नेमू शकत नाही," त्या ओल्दाला म्हणाल्या. "स्वतःहून येऊ शकलात तर चाक तुमचंच. नाहीतर पेन्शन."

"आणि घर?" मी विचारलं.

"घर कारखान्याचं आहे. यांच्यासाठी दक्षिणेत अपंगांचं चांगलं वसतिगृह आहे, बाग आहे. तुम्हाला इथे बायकांच्या वसतिगृहात खाट मिळेल."

"म्हणजे हा तिकडे आणि मी इकडे?"

त्या उठल्या. वाईट बाई नव्हती ती. दारात थांबून म्हणाली, "काहीतरी करा. वेळ आहे थोडा."

काहीतरी म्हणजे गाडी. सरकारी तीनचाकीसाठी अपंगांची रांग इतकी लांब होती की नंबर येईपर्यंत आमची हाडंही उरली नसती. पण एका सहकारी संस्थेकडून जोडायचा संच मिळत असे: नळ्यांचा सांगाडा, तीन चाकं, वरून बटणांनी लावायचं रेक्झिन, सगळे दांडे हाताने चालवायचे. इंजिन तेवढं ज्याचं त्याने बघायचं. आमच्या गोठ्यात तो संच महिन्याभरात उभा राहिला. मागे इंजिनासाठी रिकामी जागा, आणि तिच्यावरून आमची भांडणं.

मोठं इंजिन ओल्दाच्याच जुन्या मोटारसायकलचं. पाय गेल्यावर ती त्याने शेजारच्या रेझेकबाबांना दिली होती. त्यांनी ती विकली नाही, शेडमध्ये झाकून ठेवली, आणि आता इंजिन सोडवून हातगाडीवरून घेऊन आले. छोटं मी आणलं होतं, माझ्या मावसभावाकडून.

"हे काय आणलंस?" ओल्दा म्हणाला. "इंजिन आहे की शिलाई मशीन?"

"शिलाई मशीनलाही पाय लागतो. याला लागत नाही. बटण दाबलं की सुरू."

"सुरू होईल, पण खिंड चढेल का? बाबा, तुम्ही सांगा हिला."

रेझेकबाबांनी पाइप तोंडातून काढला. "पोरी, हे इंजिन एका माणसाला खिंडीत नेईल, तेही त्याने सकाळी नाश्ता केला नसेल तर."

दोघं खो खो हसले. मला हसू येईना.

"आणि त्याची किक कोण मारणार?" मी मोठ्या इंजिनाकडे बोट केलं. "तू? कोणत्या पायाने?"

मी तसं बोलायला नको होतं असं बाबांच्या चेहऱ्यावर दिसलं. ओल्दा मात्र चिडला नाही. "सकाळी तू मार," तो म्हणाला. "संध्याकाळी कारखान्यातला कुणी मारेल."

"आणि वाटेत जंगलात बंद पडली तर? बर्फात?"

"हे बंद पडत नाही, द्राहा. ह्याला मी ओळखतो. आणि पडलंच तर हाताने मारीन."

त्याने खरंच तशी सोय केली. किकच्या दांड्याला लांब लोखंडी नळी जोडली, तिचं टोक सीटजवळ आणलं. जोरात ओढलं की इंजिन फिरायचं. गोठ्यात दोनतीनदा पहिल्या फटक्यात सुरूही झालं. मला वाटलं, त्याच्यातला जुना ओल्दा परत येतोय तर येऊ दे.

एका रविवारी आम्ही दोघं त्या गाडीतून खिंड चढलो. काय चढली ती! वळणावर गिअर बदलायचीसुद्धा गरज पडेना. माझ्या डोक्याचा रुमाल उडून गेला आणि ओल्दा लग्नाआधी ओरडायचा तसा ओरडत होता. खिंडीच्या माथ्यावर त्याने गाडी मुद्दाम बंद केली. "आता बघ," म्हणाला आणि नळी ओढली.

किक उलटली. मोठ्या इंजिनाची किक कशी उलटते ते मोटारसायकलवाल्यांना ठाऊक असतं. पायाला बसली तरी माणूस कळवळतो. ती नळी त्याच्या हातातून सुटली आणि उलट फिरून मनगटावर आदळली. तो ओरडला नाही, फक्त हात छातीशी धरून बसला. बोटं हलवून बघत होता, एकेक. मीही त्या बोटांकडेच बघत होते. पायांशिवाय आम्ही जगलो होतो. हातांशिवाय कसं जगणार?

मी उतरून किक मारायचा प्रयत्न केला. सगळं वजन टाकलं तरी दांडा जेमतेम खाली जाई. शेवटी मी गाडी ढकलून वळवली आणि उतारावरून आम्ही तशीच, बंद इंजिनाने, घरी आलो.

मनगट मोडलं नव्हतं, पण पेल्यासारखं सुजलं. त्या रात्री तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "जातो मी तिकडे. बाग आहे म्हणे. तू लहान आहेस अजून."

"गप्प बस," मी म्हटलं.

सकाळी मी रेझेकबाबांना बोलावलं आणि मोठं इंजिन खाली काढायला लावलं. छोटं बसवलं. ते चढावं म्हणून बाबांनी मागच्या चाकाला मोठी दातेरी चकती लावली. वेग गेला, पण जोर थोडा वाढला. गाडीत बंदिस्त बसलेल्या इंजिनाला वारा लागत नाही, ते तापून अडकतं, म्हणून वर पंखा बसवला. आणि एक गंमत दाखवली: किल्ली एका बाजूला फिरवून बटण दाबलं की गाडी पुढे, दुसऱ्या बाजूला फिरवून दाबलं की इंजिनच उलटं फिरायचं आणि गाडी मागे. ओल्दा ऐकत होता, पण त्याचं लक्ष नव्हतं. चढावर नेऊन बघायला वेळ उरला नाही. कामाचा पहिला दिवस उद्यावर आला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस पडून गेला होता. मी हट्टाने बरोबर बसले. सुजलेल्या हाताने तो एकटा कसा जाईल? ट्रक आमच्या पुढून गेला. आमच्या इंजिनाचा आवाज ऐकून वरून कुणीतरी ओरडलं, "ओल्दा, कॉफी दळतोयस का?" त्याने हात वर केला, हसला नाही.

पहिली वळणं निघाली. वरच्या वळणाला, झाडी जिथे दाट होते तिथे, इंजिन धापा टाकायला लागलं. पहिला गिअर. मग मेल्यासारखा आवाज, एक गचका, आणि गाडी मागे निघाली. इंजिन चालू होतं, पण उलटं! दम कोंडता कोंडता ते आपणहून उलटं फिरायला लागलं होतं, आणि आम्ही पहिल्या गिअरमध्ये उताराला मागे मागे चाललो होतो. मी किंचाळले. ओल्दाने किल्ली बंद करून ब्रेक ओढला. मागचं चाक रस्त्याकडेच्या खड्ड्याच्या काठाला थांबलं.

"उतर," तो म्हणाला.

"ओल्दा..."

"उतर, द्राहा. अवजारांची पेटी काढ. कुबड्यापण काढ, त्यांचंही वजन आहे. तू बसलीस तर चढणार नाही."

"अडकलास तर? मी जवळ नसेन."

"अडकलो तर बटण आहे. तूच म्हणत होतीस ना?" त्याने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "सात वाजायला आले. उतर."

मी उतरले. पेटी झुडपात टाकली. त्याने किल्ली फिरवून बटण दाबलं आणि गाडी चढायला लागली, चालत्या माणसाच्या वेगाने. मी मागून थोडं ढकललं, मग ती माझ्या हातातून पुढे गेली. वळणाआड दिसेनाशी झाली. आवाज येत होता. मग आवाज थांबला.

खिंड ओलांडून गेली, की बंद पडली? माथ्यापलीकडचा आवाज इकडे येत नाही हे मला माहीत होतं. तरी मी कुबड्या काखेत धरून धावत सुटले. माथ्यावर गाडी नव्हती, खड्ड्यातही नव्हती. खाली कारखान्याचा सातचा भोंगा झाला आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं की माझ्या काखेत काय आहे. गाडी पोचली असली तरी तो उतरणार कसा?

गाडी फाटकाच्या आत उभी होती, एका बाजूचं रेक्झिन उघडं. आत कुणी नव्हतं. तिथून दारापर्यंतच्या ओल्या खडीवर ओढल्याचा रुंद पट्टा उमटला होता, आणि पट्ट्याच्या कडेला फक्त एका हाताचे ठसे. तो खाली बसून, चांगला हात मागे रेटत रेटत गेला होता. सगळ्यांसमोर.

दारात हाउस्कोव्हाबाई उभ्या होत्या. चेहरा पांढरा.

"मी पुढे झाले होते," त्या म्हणाल्या. "म्हणाले, हात लावू नका, लावलात तर स्वतःहून आलो असं होणार नाही." मग त्यांनी माझ्या हातातून कुबड्या घेतल्या. "एक जोड उद्यापासून इथेच राहू दे. दारामागे."

"म्हणजे चाक त्याचं?"

"भोंग्याआधी आले ते," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी खिडकीतून बघितलं. तो चाकाशी बसला होता, पँट चिखलाने माखलेली, आणि दुखऱ्या हाताने पेला धरता येतो का ते बघत होता. शेजारच्याने न विचारता त्याच्या कोपराखाली लाकडाचा ठोकळा सरकवला. मी त्याला हाक मारली नाही.

तो पुढे सोळा वर्षं त्या खिंडीतून गेला, उन्हापावसात, बर्फ फार नसेल तर बर्फातही. घर राहिलं, आम्ही एकत्र राहिलो. दुसरी सीट त्याने त्याच संध्याकाळी काढली. गाडी हलकी व्हायला हवी होती. खाली गावात, सपाट रस्त्यावर, तो मला अधूनमधून मागच्या पत्र्यावर उशी टाकून बसवायचा. खिंडीत मात्र त्या गाडीतून मी पुन्हा कधी गेले नाही.