खंडेनवमीचा कोहळा

आमच्या घरची तलवार खंडेनवमीला एकदा उपसली की रक्त घेतल्याशिवाय परत म्यानात जात नाही. आमचे पूर्वज म्हैसूरच्या राजांच्या फौजेत होते, ही रीत त्यांची. पूर्वी बोकड कापायचे, आता कुंकू माखलेला कोहळा. वार एकच, दुसरा केला तर तो घरच्यांवरच उलटतो, असं माझे यजमान मनोहरराव दरवर्षी बजावतात. पुरुषांना हे सगळं तोंडपाठ. बाजारातून कोहळा उचलून आणायची मी.

यंदा यांचे हात थरथरत होते, म्हणून तलवार आमच्या मुलाकडे, भुवनकडे दिली. त्यानं ती उपसली आणि नेमकी तेव्हाच माझी लेक ईश्वरी दारात उभी राहिली. सोबत हुणसूरचा रक्षित, नोंदणी पद्धतीनं लग्न करून. त्याच्या जातीचं माणूस आमच्या अग्रहार आळीतल्या घराचा उंबरा कधी चढलं नव्हतं. सणाच्या दिवशी कोणी भांडणार नाही, या हिशेबानं मीच बोलावलं होतं. इतकी मी शहाणी.

भुवननं डाव्या हातानं रक्षितची गचांडी धरून त्याचं डोकं उंबऱ्यावर आपटलं. दात तुटला. ईश्वरी मध्ये पडली तर तिला लाथ बसली. रक्षित पायरीवर पालथा पडला, तसा भुवननं त्याच्या पाठीत गुडघा रोवला आणि तलवार उचलली.

"अहो, थांबवा त्याला," मी यांना म्हटलं.

"उपसलेली आहे," हे म्हणाले. "देवी बघून घेईल."

माझं डोकंच फिरलं. मला माझ्या मुलीचं कुंकू दिसत होतं. मी पुढे झाले आणि पातं मुठीत घट्ट धरलं.

"अम्मा, बिडु," भुवन ओरडला आणि मी सोडावं म्हणून त्यानं हिसका दिला. पातं हाडापर्यंत गेलं. रक्त कोपरापर्यंत ओघळलं. मी सोडलं नाही.

"घेतलं तिनं रक्त," मी म्हटलं. "साकु, पुरे आता. घाल म्यानात. दुसरा वार कर नि बघ, कोणावर उलटतो ते."

भुवननं बापाकडे पाहिलं. हे पांढरेफटक पडले होते. माणूस मरताना बघायची छाती होती, रीत मोडायची नव्हती. त्यांनी तलवार काढून घेतली, म्यानात घातली आणि देवीपुढे ठेवून हात जोडले.

माझ्या हाताकडे पाहिलं ते रक्षितनं. तोंडातलं रक्त पुसत तो उठला, उंबरा ओलांडून आत आला आणि अंगातला शर्ट काढून त्यानं माझी मूठ आवळून बांधली. त्याला कोणी अडवलं नाही. देवीपुढे कोहळा तसाच अखंड होता.

"ईश्वरी, तो कोहळा चिर," मी म्हटलं. "जावई जेवायला आहेत."