प्रांत गेला, सुट्टी राहिली

आमचा मार्लबरो प्रांत शेजारच्या नेल्सन प्रांतापासून फुटून स्वतःचा कारभार हाकू लागला, त्याची आम्हाला दरवर्षी एका सोमवारी सुट्टी असते. प्रांत थोड्याच वर्षांत मोडीत निघाला. सुट्टीला मात्र कुणी हात लावला नाही, आणि त्या मेल्या सुट्टीने आमचं घर बुडवलं.

लेक आणि जावई वारल्यापासून नात ब्रायर आमच्याकडेच वाढत होती. महिनाभरापूर्वी तिची आत्या तिला चार दिवस म्हणून क्राइस्टचर्च शहरात घेऊन गेली आणि तिथेच कोर्टात उभी राहिली. तिला पोरीला कायमचं परदेशी, पर्थला न्यायचं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या वकीलबाईंचा निरोप आला, सोमवारी सकाळी दहाला तिथल्या कोर्टात हजर राहा. माझा नवरा मर्डॉक खो खो हसला.

"या शहरवाल्यांना काही पत्ता नसतो. सोमवारी सुट्टी, कोर्टाला कुलूप! मंगळवार म्हणायचं असेल."

"अरे, फोन करून विचार ना एकदा."

"विचारायचंय काय त्यात? जन्मापासून पाळतोय ही सुट्टी!"

जन्मापासून या सुट्टीला तो आमची इथली जत्रा सोडून प्रांताबाहेर कुठे गेला नव्हता, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

सोमवारी आरामात निघालो. ब्रायरला आवडते म्हणून अंडं घातलेली खारी पेस्ट्री भाजून घेतली होती. समुद्राकाठच्या रस्त्याला फोनला रेंज नव्हती. प्रांताची हद्द ओलांडून दुपारी शेव्हिएट गावात शिरलो, तर गणवेशातली पोरं बाईंच्या मागून रांगेने रस्ता ओलांडत होती. मर्डॉकने करकचून ब्रेक दाबला.

"आज शाळा कशी?" त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"सुट्टी आपली आहे, मर्डॉक. यांची नाही."

मी लगेच वकीलबाईंना फोन लावला.

"नोलीन, कुठे आहात तुम्ही? किती फोन केले!"

"येतोय हो, वाटेतच आहोत. थांबवा त्यांना, हात जोडते!"

"न्यायाधीशांनी वाट पाहिली. मग ब्रायर आत्याकडे दिली. दोघी आत्ताच विमानतळावर गेल्या."

मर्डॉक स्टिअरिंगवर डोकं टेकून हुंदके देत होता. मला राग येत होता, आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटत होतं.

"रडली का हो ती?" मी विचारलं.



"नाही. निघायच्या वेळी म्हणाली, आज आमच्याकडे सुट्टी असते. आजी-आजोबा उद्या येतील. तोवर मी इथेच कोर्टाच्या बाकावर बसते."