रेघेवरच्या काचा

दुपार झाली की डोंगर वाफ सोडायचा आणि सगळं गाव डोळे अर्धवट मिटून घ्यायचं. छपरांवर राखाडी ऊन पसरायचं. काही काही जागी जमीन ऊबदार असायची, नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखी, आणि त्या जागा मांजरांना तोंडपाठ होत्या. लहानपणी काचवाल्याच्या भाचीला वाटायचं, खाली कुणीतरी झोपलंय आणि आपण सगळे त्याच्या पांघरुणावर राहतोय. पुढे ती भूगर्भशास्त्रज्ञ झाली, जाडजाड पुस्तकं कोळून प्यायली, तरी हे वाटणं काही गेलं नाही. फक्त ते चारचौघांत बोलायचं नाही, एवढं शहाणपण आलं.

तिला वाढवलं मामा-मामीनं. मामा काचकाम करायचा. गावातल्या बहुतेक खिडक्यांना त्याचा हात लागला होता. आणि त्याचं स्वतःचं घर होतं बरोबर रेघेवर. रेघ म्हणजे भ्रंश, जमिनीत खोलवर गेलेली चीर. हा डोंगर म्हणजे ज्वालामुखी; त्याची एक कूस या चिरेच्या कडेनं उताराकडे सरकते, कधी मुंगीच्या पावलानं, कधी एका झटक्यात. इथले भूकंप तसे फार मोठे नसतात, पण होतात इतके वरच्या थरात की थेट पायाखालीच येतात. प्रश्न एकच होता, मामाच्या घराखाली गेलेला रेघेचा फाटा जिवंत आहे की मेलेला?

ते कळावं म्हणून तिनं घराच्या भिंतीतल्या तड्यांवर पातळ काचपट्ट्या आडव्या चिकटवल्या होत्या. युक्ती साधी आहे. भिंत तसूभर हलली तरी काच तडकते. पण मामाला उगाच घोर लागायला नको, म्हणून तिनं त्याला सांगितलं होतं, "तडे वाढू नयेत, म्हणून लावल्यात." मामानं मान डोलावली होती.

त्यानंतर ती जेव्हा जेव्हा आली, तेव्हा पट्ट्या अखंड. अखेर तिनं अहवाल लिहिला, फाटा मेलेला आहे. त्या भरवशावर घरामागच्या माळावर शाळा बांधायचं ठरत होतं. उद्या अहवाल समितीपुढे जायचा होता. मामाचं घरही आता जागचं हलणार नाही, याचा आनंद अहवालात मावणारा नव्हता, पण तो तिच्या चालण्यात दिसत होता.

"आल्या का भूकंपबाई!" मामानं अंगणातूनच आवाज दिला. "हळू, मामी झोपलीय. बघून घे तुझ्या काचा. एकीलाही धक्का नाही."

शेवटचं म्हणून तिनं पहिल्या पट्टीवरून बोट फिरवलं. बोट अलगद घसरत गेलं. तिच्या पट्ट्या नुसत्या कापलेल्या होत्या, त्यांची कड बोट सोलून काढायची. ही कड मात्र दगडावर घासून गुळगुळीत केलेली. दुसरी तशीच. तिसरीही. काचेची कड कच्ची ठेवणं ज्याला जन्मात जमलं नाही, असा माणूस गावात एकच होता.

"मामा, या काचा माझ्या नाहीत."

मामा चोरी पकडली गेल्यासारखा हसला. "अगं, तुझ्या तडकल्या. तडकली की मी नवी लावतो. तूच म्हणालीस ना, त्यांनी भिंत धरून ठेवलीय? मग फुटकी कशी ठेवू? आणि काचवाल्याच्या घरात फुटकी काच, लोक तोंडात शेण घालतील."

"किती वेळा बदलल्यास?"

"कोण मोजतंय! हल्ली जरा जास्तच. गंमत म्हणजे तुकडे जुळतच नाहीत. उजवा नेहमी खाली, उताराकडे सरकलेला."

ती ओट्यावर बसली. दगड ऊबदार होता. खालच्यानं झोपेत कूस बदलली, असं तिला अगदी स्पष्ट वाटलं. राग यायला हवा होता, पण आला तो हुंदका. त्याला भीती वाटू नये म्हणून ती खोटं बोलली होती आणि ते खोटं त्यानं इतक्या मायेनं सांभाळलं होतं. क्षणभर वाटलं, गप्प बसावं. काचा अखंड आहेत, कोण विचारणार? मग तिला माळावर शाळा दिसली. सगळे वर्ग भरलेले.

"मामा, मी तुला खोटं सांगितलं होतं," ती म्हणाली. मग तिनं सगळं खरं सांगितलं.

"म्हणजे शाळा?"

"इथे नाही."

"आणि आपण?"

तिला मान वर करवेना. "आपणही नाही, मामा."

ती फाटकापाशी गेली आणि तिनं ऑफिसला फोन लावला. "अहवाल थांबवा, सर. फाटा जिवंत आहे. चूक माझी आहे." पलीकडून साहेबांचा आवाज चढला. तिनं तो चढू दिला.

परत आली तेव्हा मामा अंगणात नव्हता. तो आत होता, मामीच्या उशाशी, स्टुलावर उभा. उशावरच्या खिडकीत अख्खा डोंगर मावत होता. लग्नानंतर मामीला पडल्यापडल्या डोंगर दिसावा म्हणून ती एवढी मोठी काच त्यानं स्वतः बसवली होती. आता तो कडेची वाळलेली पुट्टी खरवडत होता, जराही आवाज न करता.

"काय करतोयस?" तिनं कुजबुजत विचारलं.

"ही या काचेखालीच झोपते गं," मामा म्हणाला.

काच सुटून त्याच्या हातात आली. वारा आत शिरला. मामीनं डोळे न उघडताच पांघरूण वर ओढलं. "अहो, खिडकी लावा ना," ती झोपेत पुटपुटली.

मामा काच धरून उभा राहिला. हातातली काच ठेवायची कुठे, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदाच कळेना.